ताट वेगळं करू नका, स्विच समजून घ्या!

दरवर्षी १ डिसेंबरला आपल्या कॉलेजात लाल फिती लागतात, रांगोळी होते, पोस्टर स्पर्धेत पहिलं बक्षीस कवटीच्या चित्राला मिळतं आणि २ डिसेंबरला सगळं साफ! मित्रांनो, माझा या कार्यक्रमाला विरोध नाही. पण इतकी पोस्टरं रंगवूनही एचआयव्ही म्हटलं की कट्ट्यावर पहिला विषय निघतो तो 'कॅरेक्टर'चा. हा विषाणू काम कसा करतो, हे कुणीच विचारत नाही. आपण इंजिनिअरिंगवाले ना? मग मशीन उघडून न बघताच मत ठोकणं आपल्याला शोभतं का?

चला, उघडून बघू. (व्हायवाला विचारणार नाहीत, घाबरू नका!)

एचआयव्हीकडे जेमतेम ९ जनुकं असतात. माणसाकडे सुमारे २० हजार. एवढ्याशा भांडवलावर तो सीडी-४ पेशींमध्ये, म्हणजे आपल्या रोगप्रतिकारशक्तीच्या मुकादमांमध्येच घुसतो. आत शिरायला त्याला पेशीवरचं सीडी-४ प्रथिन लागतं आणि बहुतेक वेळा जोडीला सीसीआर-५ नावाचं दुसरं. १९९६ साली लक्षात आलं, की काही लोकांच्या सीसीआर-५ जनुकातली ३२ अक्षरं जन्मतःच गळालेली असतात. आई आणि वडील दोघांकडूनही अशीच प्रत आली, तर विषाणूला सहसा दारच सापडत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत अशी माणसं साधारण १ टक्का. आपल्याकडे अगदीच विरळा. आता सांगा, यात कॅरेक्टर कुठे आलं?

शरीरही गप्प बसत नाही. २००२ साली सापडलेलं एपोबेक-३जी हे प्रथिन विषाणूच्या नव्याने बनणाऱ्या डीएनएतली अक्षरं बदलून टाकतं. जर्नल कॉपी करताना कुणीतरी पानोपानी चुका घुसवाव्यात, तसं! पण विषाणू महाबिलंदर. त्याचं विफ नावाचं प्रथिन एपोबेकला पकडून थेट पेशीच्या कचराकुंडीत पाठवतं. टेथरिन हे दुसरं प्रथिन बाहेर पडणाऱ्या विषाणूला पेशीलाच बांधून ठेवतं, तर ती दोरी सोडवायला विषाणूकडे व्हीपीयू तयार. तोडीस तोड सामना!

खरी मेख पुढेच आहे. हा विषाणू आपला मजकूर आपल्याच डीएनएत चिकटवून ठेवतो. तो वाचला जाणार की नाही, हे एका स्विचवर ठरतं. पेशी कामाला लागली की तिच्यातलं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन त्या स्विचवर येऊन बसतं. थोडा मजकूर वाचला जातो, त्यातून टॅट नावाचं प्रथिन बनतं, आणि टॅट तोच स्विच आणखी जोरात दाबतं. कंट्रोल सिस्टिमवाल्यांनी ओळखलं असेलच... पॉझिटिव्ह फीडबॅक! उलट टॅट पुरेसं जमलं नाही किंवा पेशी विसावली, तर स्विच बंद. भारतात मुख्यतः सी उपप्रकार आढळतो. त्याच्या स्विचवर एनएफ-कप्पा-बीसाठी सहसा ३ जागा असतात. अमेरिका-युरोपात जास्त दिसणाऱ्या बी उपप्रकारात २. बंगळुरूच्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने २०१२ साली भारतातले ४ जागांचे विषाणूही दाखवून दिले. म्हणजे हे काम फक्त परदेशातच चालतं असं नाही.

स्विच बंद असलेली पेशी औषधांच्या तावडीत सापडत नाही, कारण औषधं अडवतात ती चालू असलेल्या विषाणूचं काम. म्हणून गोळ्या रोज घ्यायच्या. सोडल्या तर बहुतेकांत काही आठवड्यांतच विषाणू परत डोकं वर काढतो. पण गोळ्या नियमित असल्या तर? २०११ साली ९ देशांतल्या १७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात आपलं पुणेही होतं. लवकर उपचार सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. पुढच्या अभ्यासांनी तर स्पष्टच केलं, की उपचाराने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतूनही तो पसरत नाही.

आता ताटाबद्दल. एका हॉस्टेलच्या मेसमध्ये (नाव नको) एका वाढप्याविषयी कुजबुज सुरू झाली. पोरांनी त्याच्या हातचं खायला नकार दिला, त्याचं ताट-पेला वेगळा झाला, आणि आठवड्यात तो काम सोडून गेला. रिपोर्ट कुणीच पाहिला नव्हता. पाहिला असता तरी काय? हा विषाणू रक्त, वीर्य, योनिस्राव, आईचं दूध यांतून जातो. ताटातून, घामातून, डासातून नाही. आणि एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं हे २०१७ च्या कायद्यात बसत नाही.

पण मला काळजी वाटते ती वेगळीच. त्याच पंगतीत एखादा असा असेल, ज्याच्या मनात स्वतःविषयी शंका आहे. हा तमाशा बघून तो तपासणीला जाईल? कधीच नाही. लक्षणं नसलेली वर्षं तशीच जातील, आणि या काळात त्याच्या शरीरात तो स्विच अनेक पेशींत चालूच असेल.

काही सर म्हणतात, "भीती गेली तर पोरं बेफिकीर होतील." सर, आदर ठेवून सांगतो, भीतीने माणूस सावध होतोच असं नाही, तो लपवायला मात्र नक्की शिकतो. सावध व्हायला माहिती लागते. निरोध का वापरायचा, नवीन सुई का मागायची, हे कळायला लागतं. सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवतात. उपचारही २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. हे किती जणांना ठाऊक आहे?

तेव्हा या १ डिसेंबरला एक करूया. कवटीऐवजी त्या स्विचचं सर्किट नोटीस बोर्डावर लावूया आणि खाली तपासणी केंद्राचा पत्ता लिहूया. कवटी कुणालाही काढता येते हो, सर्किट काढायला अभ्यास लागतो. बघा, पटतंय का!