फीच्या शेजारी कमाईचाही आकडा छापा

मा. अध्यक्ष व सदस्य,
शुल्क नियामक प्राधिकरण, महाराष्ट्र राज्य, मुंबई

राज्यातल्या खासगी विनाअनुदानित दंत महाविद्यालयांची फी 2015 च्या कायद्याप्रमाणे आपण ठरवता. पगारावर किती खर्च झाला, इमारत आणि यंत्रसामग्रीवर किती, घसारा किती, हे हिशेब तपासून एका विद्यार्थ्यामागचा आकडा निघतो आणि तो संकेतस्थळावर लागतो. कॅपिटेशन फीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या कामाचं मोल ठाऊक आहे. पण या सगळ्या हिशेबात शिकून बाहेर पडलेल्या डेंटिस्टची कमाई कुठेच येत नाही, आणि कर्ज तर त्याच कमाईतून फेडायचं असतं.

मी मढच्या कोळीवाड्यात राहतो. नीटचा निकाल लागला की दरवर्षी कुणा ना कुणाच्या घरी हा प्रश्न उभा राहतो: एमबीबीएस थोडक्यात हुकलं, खासगीत बीडीएस मिळतंय, घ्यायचं का? सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, दोन्हींची फी परवडते, पण जागा मोजक्या. मग एका वहीच्या पानावर खासगी कॉलेजची फी, हॉस्टेल, मेस, इन्स्ट्रुमेंट्स, पुस्तकं असं एकाखाली एक मांडलं जातं. बेरीज होते. खाली कुणीतरी ‘पगार’ असं लिहून पुढे जागा मोकळी सोडतं. ती भरायला माहिती कुठून आणायची, हे घरात कुणालाच माहीत नसतं.

हिशेब असा बसतो. समजा पहिल्या चार वर्षांत दरवर्षी अडीच लाख, असं एकूण 10 लाखांचं कर्ज घेतलं, व्याज 10 टक्के. चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप आणि पुढची एक वर्षाची सवलत संपेपर्यंत नुसतं सरळ व्याजच साडेचार लाख होतं. म्हणजे परतफेड सुरू होते ती साडेचौदा लाखांवर. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला 19 हजारांवर हप्ता, पंधरा वर्षांत फेडायचं तरी साडेपंधरा हजार. मालाड-अंधेरीकडच्या दवाखान्यांत असिस्टंट म्हणून लागलेल्या नव्या डॉक्टरांकडून मी पंधरा ते वीस हजार पगार ऐकतो. स्वतःचा दवाखाना टाकायचा तर गाळ्याचं डिपॉझिट, खुर्ची, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह यांसाठी दुसरं कर्ज. काहीजण मग ऐरोलीच्या कंपन्यांत मेडिकल कोडिंगला, म्हणजे रुग्णांच्या नोंदींना संकेतांक देण्याच्या कामाला, लागतात. ते काम कष्टाचंच आहे, पण त्यासाठी पाच वर्षं दात काढायला आणि बसवायला शिकण्याची गरज नव्हती.

आमच्याकडे यात आणखी एक पेच आहे. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलेलं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराचंही प्रॉपर्टी कार्ड अनेकांकडे नाही. बोटीवर आधीच कर्ज असतं. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला, पण हप्त्याला बंदी नसते.

जुलै 2024 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास आणि आर्थिक दुर्बल अशा प्रवर्गांच्या मुलींची शिक्षण फी राज्य सरकार भरतं. हा फार मोठा निर्णय आहे, आमच्या मुलींना त्याचा खरोखर आधार आहे. मात्र मुलगे त्यात नाहीत, संस्थास्तरावरच्या जागा नाहीत, राहण्या-जेवण्याचा खर्च नाही. आणि फी सरकारने भरली तरी ती जनतेच्याच पैशातून जाते, तेव्हा त्या पदवीतून पुढे काय मिळतं हे विचारणं सरकारच्याही कामाचं आहे.

2021 च्या फेब्रुवारीत बीडीएसच्या सुमारे 7 हजार रिकाम्या जागांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने प्रवेशाचा पर्सेंटाइल 10 ने खाली आणला आणि खासगी कॉलेजांनी फी कमी करण्याचा विचार करावा, असंही सांगितलं. पालकांनी अंदाजाने का होईना, हिशेब केला होता, हे त्या रिकाम्या जागांवरून दिसतं.

अमेरिकेत 2015 पासून सरकारच कॉलेजवार कर्ज आणि कमाईचे आकडे लोकांसमोर ठेवतं. तिथल्या शिक्षण खात्याने 2014 मध्ये नियम केला, 2019 मध्ये मागे घेतला, 2023 मध्ये पुन्हा आणला: कर्जाचा वार्षिक हप्ता पदवीधरांच्या कमाईच्या 8 टक्क्यांत किंवा गरजा भागवून उरलेल्या कमाईच्या 20 टक्क्यांत बसला पाहिजे. नुसती 8 टक्क्यांची अट आपल्या वरच्या उदाहरणाला लावली तर साडेपंधरा हजारांच्या हप्त्याला महिन्याला सुमारे 1 लाख 95 हजारांची कमाई लागेल. शिवाय अमेरिकेत दातांची स्वच्छता करणाऱ्या डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स केलेली व्यक्ती वर्षाला साधारण 80 हजार डॉलरच्या वर कमावते. आपल्याकडेही 1948 च्या कायद्यापासून हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिकची नोंदणी आहे, कोर्स दोनच वर्षांचे. पण जिथे पाच वर्षं शिकलेला डॉक्टरच असिस्टंटच्या पगारात मिळतो, तिथे हायजिनिस्टला वेगळी नोकरी कोण देणार?

माझी मागणी साधी आहे. फीचा प्रस्ताव मागवताना प्रत्येक दंत महाविद्यालयाकडून एक तक्ता घ्या: दोन आणि पाच वर्षांपूर्वी पास झालेल्यांपैकी किती जण प्रॅक्टिस करतात, किती नोकरीत आहेत, किती एमडीएसला गेले, किती हे क्षेत्र सोडून गेले, आणि महिन्याची कमाई कोणत्या टप्प्यात आहे. स्वतःचा दवाखाना असलेले खरा आकडा सांगणार नाहीत, अशी हरकत येईल. चालेल, टप्पा सांगितला तरी पुरे. नोंदणी राज्य दंत परिषदेकडे आहे, पास झालेल्यांची यादी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. कॉलेजने दिलेली माहिती त्यांच्याशी ताडून पाहता येईल. अभिमत विद्यापीठं आपल्या कक्षेत येत नाहीत, पण बाकीच्यांचे आकडे लागले की पालक त्यांनाही तेच विचारू लागतील.

फी मंजुरीच्या पुढच्या यादीत कॉलेजचं नाव, फी आणि त्याच ओळीत हा तक्ता असावा. प्रवेशाची पहिली फेरी सुरू होण्याआधी तो लागावा, कारण एकदा पहिल्या वर्षाची फी भरली की मागे फिरणं कुठल्याही घराला जमत नाही.

आपला,
मढ कोळीवाड्यातला एक रहिवासी