सिमकार्डास आपलें ठिकाण ठाऊक असतें काय ?

प्रवासास गेलेल्या मुलाचा फोन लागेनासा झाला, म्हणजे घरांतील वडील मंडळी एकमेकांस धीर देतात, “सिमवरून तो कोठें आहे हें कंपनीला कळतच असेल.” ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी बाजू जाणून घेणें मेळघाटांत जाणाऱ्यास विशेष अगत्याचें आहे.

सिमकार्डांत जागा ओळखण्याचें कसलेंहि यंत्र नसतें. त्यांत मुख्यतः ग्राहकाचा १५ आंकडी क्रमांक व त्याची ओळख पटविणारी गुप्त किल्ली असते. फोन कोणत्या मनोऱ्याशीं बोलत आहे, यावरूनच कंपनी त्याचा ठावठिकाणा अजमावते. मनोऱ्याभोंवतींचा परिसर बहुधा तीन भागांत वांटलेला असतो. पैकीं फोन कोणत्या भागांत आहे तें कळतें, आणि लहरीस लागणाऱ्या वेळावरून अंतर निघतें. ‘टू-जी’च्या जाळ्यांत तें सुमारें ५५० मीटरांच्या टप्प्यांनीं मोजतात. अमरावतीसारख्या शहरांत मनोरे दाट असल्यानें दोन-तीन मनोऱ्यांची साक्ष जुळवून जागा बरीच नेमकी ठरवितां येते.

धारणीची वाट निराळी. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करीत जाणारा हा रस्ता डोंगरांतून व व्याघ्रप्रकल्पाच्या अरण्यांतून जातो. तेथें मनोरे विरळ. समजा, फोन एकाच मनोऱ्याच्या टप्प्यांत आहे व अंतर १० किलोमीटर निघालें. तर तो सुमारें २१ किलोमीटर लांब व अर्धा किलोमीटर रुंद अशा कमानदार पट्ट्यांत कोठेंतरी आहे, एवढाच बोध होईल ! लहर डोंगरावर आपटून वळसा घेऊन आली, तर हें अंतरहि चुकतें. संपर्क तुटल्यावर तर कंपनीजवळ केवळ शेवटच्या मनोऱ्याची नोंद उरते. फोनमधील ‘जीपीएस’ उपग्रहांच्या साहाय्यानें जागा कांहीं मीटरांत दाखवितें खरें. परंतु ती बातमी दुसऱ्यास कळविण्यास पुन्हां जाळेंच लागतें.

म्हणून निघण्यापूर्वीं आपला मार्ग व पोंचण्याची वेळ घरीं सांगून ठेवावी. संकटसमयीं ११२ वर फोन लागलाच, तर “धारणीच्या रस्त्यावर आहों” एवढ्यावर न थांबतां मागें टाकलेलें गांव, ओलांडलेला पूल व किलोमीटरच्या दगडावरील आंकडा सांगावा. मनोऱ्याच्या अंदाजास या तीन खुणांची जोड मिळाली, तर शोधणाऱ्यांस रान तुडवीत बसावें लागणार नाहीं.