उलटा रज्जुसर्प

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्यांचा थोरला मुलगा हौशी बिनतारीची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवानाधारक झाला आहे. गच्चीवर त्यानें तार ताणली आहे, रात्रीं तो दूरदेशींच्या लोकांशीं बोलतो, आणि तेथवर मातोश्रींची कांहीं तक्रार नाहीं. परंतु आतां त्यानें काचेचे दोन मोठे जुने व्हॉल्व्ह आणि दोन्ही हातांनीं उचलावा लागणारा एक ट्रान्सफॉर्मर घरीं आणला असून 'मोठा ॲम्प्लिफायर बांधणार' असें तो म्हणतो. "दोन हजार व्होल्ट म्हणजे काय, तें मला समजत नाहीं, पण त्याच्या खोलींत शिरतांना हल्लीं माझें पाऊल अडखळतें. त्याला परवानगी द्यावी कीं नाहीं, एवढेंच सांगा," असें त्या लिहितात.

उत्तर एका शब्दांत देतां येईल. परंतु एका शब्दानें भीति जात नाहीं. ती विषय समजल्यानें योग्य जागीं जाऊन बसते. मी स्वतः हा छंद पुष्कळ वर्षें करीत आलों आहें. म्हणून या महिन्याचें पान या पत्रास दिलें आहे.

प्रथम हा खटाटोप कशासाठीं, तें पाहूं. हौशी माणसाचें तयार यंत्र बहुधा १०० वॉट शक्तीनें बोलतें. ॲम्प्लिफायर तोच संदेश कित्येक पटींनीं मोठा करून तारेवर सोडतो. अमेरिकेंत १५०० वॉटांपर्यंत मुभा आहे. आपल्याकडील मर्यादा त्याहून बरीच खालीं आहे. ती परवान्यावर स्वच्छ लिहिलेली असते व ती पाळलीच पाहिजे. चिरंजीवांना एक हिशेबहि सांगावासा वाटतो. १०० वॉटांचे ४०० केले, तरी ऐकणाऱ्याच्या मापकावरील कांटा फक्त एकच घर वर सरकतो. म्हणून गच्चीवरील तार आधीं उंच व नीट करावी, आणि मग ॲम्प्लिफायरचा विचार करावा. तथापि तें एक घर क्षुल्लक नव्हे. २६ जानेवारी २००१ रोजीं भुजला भूकंप झाला व नेहमींचीं संदेशसाधनें कोलमडलीं, तेव्हां हौशी बिनतारीवाल्यांनीं तेथून निरोप पोंचविले. गोंगाटांतून एखादा शब्द कळणें आणि न कळणें यांत तेवढेंच अंतर असूं शकतें.

पत्रांतील वर्णनावरून ते व्हॉल्व्ह ८१३ जातीचे दिसतात. ही जात दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून नांवाजलेली आहे. काचेच्या आंत निर्वात पोकळी असून मध्यें थोरियम-मिश्रित टंगस्टनची तार असते. तिला १० व्होल्ट दिले कीं ती ५ अँपियर प्रवाह घेऊन तापते, आणि तिच्यांतून ऋण विद्युत्कण बाहेर पडूं लागतात. भोंवतालच्या प्लेटवर २००० व्होल्टांचा धन दाब असतो. ते कण तिच्याकडे धांव घेतात. मधल्या जाळीवर आपला लहानसा संदेश लावला, कीं पाटाचें दार वरखालीं केल्यानें पाणी जसें कमीअधिक होतें, तसा हा मोठा ओघ संदेशाच्या तालावर कमीअधिक होतो. सारा चमत्कार एवढाच आहे.

या व्हॉल्व्हचें आयुष्य म्हणजे त्या तारेचें आयुष्य होय. तिचा दाब पांच टक्क्यांहून अधिक हलतां कामा नये. म्हणजे तो ९.५ च्या खालीं किंवा १०.५ च्या वर जाऊं नये. आपल्या घरची वीज नांवाला २३० व्होल्टांची असली, तरी कित्येक गांवीं रात्रीं ती २५० वर चढते. अशा वेळीं तारेला पावणेअकरा व्होल्ट मिळूं लागतात, आणि तिच्या पृष्ठावरील थोरियमचा पातळ थर अकालीं उडून जातो. म्हणून हा दाब व्हॉल्व्हच्या बैठकीशीं, तार तापलेली असतांना मोजावा, आणि ट्रान्सफॉर्मरवर तो कमीअधिक करण्याची सोय ठेवावी. थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या मानानें फार थोडा असल्यानें पहिल्या क्षणीं प्रवाहाचा लोंढा येतो. तो आवरण्यासाठीं आरंभीं एक रोधक मध्यें घालून कांहीं सेकंदांनीं तो वगळावा. अनेक वर्षें पडून राहिलेल्या व्हॉल्व्हला एकदम मोठा दाब देऊं नये. प्रथम कांहीं तास नुसती तारच तापवावी. काच घामट हातानें धरूं नये, स्वच्छ फडक्यानें धरावी. पंख्यावर व जाळीवर धूळ सांचूं देऊं नये, आणि काम संपल्यावरहि पंखा कांहीं मिनिटें चालूं द्यावा. ह्या साऱ्या गोष्टी लक्षानें होतात. त्यांत चूक झाली तर व्हॉल्व्ह जातो, पैसे जातात.

परंतु यंत्रांत एक जागा अशी आहे, कीं तेथील चुकीची भरपाई पैशानें होत नाहीं. ती जागा म्हणजे कंडेन्सर होय. ट्रान्सफॉर्मरनें चढविलेली वीज एकदिश केल्यावर या कंडेन्सरमध्यें सांठविली जाते, म्हणजे व्हॉल्व्हला ती एकसारखी मिळते. २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर २००० व्होल्टांपर्यंत भरला म्हणजे त्यांत ५० ज्यूल शक्ति असते. पांच किलोचें वजन एक मीटर उंचीवरून पडावें, तितकी. दाब दीडपट, म्हणजे ३००० व्होल्ट केला, तर शक्ति दीडपट होत नाहीं, सव्वादोनपट होते. ती ११२ ज्यूलांवर जाते. हृदयाचा ताल बिघडून रोगी मरणोन्मुख झाला असतां डॉक्टर छातीवर विजेचा जो धक्का देतात, तोहि साधारण १२० ते २०० ज्यूलांचाच असतो. तेथें तो जाणत्या हातीं, योग्य क्षणीं दिला जातो. येथें तो एका हातांतून शिरून छातींतून दुसऱ्या हातानें बाहेर पडेल.

भगिनींनीं लक्षांत घ्यावयाची मुख्य गोष्ट ही, कीं बटण बंद केल्यावरहि, इतकेंच नव्हे तर भिंतींतील पिन काढून हातांत घेतल्यावरहि, हा सांठा कंडेन्सरमध्यें तसाच राहूं शकतो. तो रिता व्हावा म्हणून कंडेन्सरच्या दोन टोंकांमध्यें 'ब्लीडर' नांवाचा एक रोधक कायमचा जोडलेला असतो. तो १०० किलो-ओमचा असला, तर दर अडीच सेकंदांनीं दाब आधींच्या सुमारें ३७ टक्क्यांवर येतो, आणि तेरा सेकंदांत २००० व्होल्टांचे पंधराहून कमी उरतात. योजना उत्तम आहे. परंतु यंत्र चालू असेतोंपर्यंत हा बिचारा ४० वॉटांनीं सतत तापत असतो. आणि जी वस्तु सतत तापते, ती कधीं तरी तुटते. ती तुटल्याचें यंत्र सांगत नाहीं. तें पूर्वीसारखेंच गोड चालत राहतें.

वेदान्तांतील रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. अंधारांत दोरी पाहून साप समजावें, आणि दिवा आणल्यावर भय नाहींसें व्हावें. येथें सारें उलट आहे. यंत्राचा दिवा मालवला आहे, गुणगुण थांबली आहे, पिन हातांत आहे, आणि समोर नुसती दोरी पडली आहे असें डोळे सांगतात. ती दोरी साप असते.

हें मी पुस्तकावरून लिहीत नाहीं. आठ-नऊ वर्षांपूर्वीं वैशाखांतील एका संध्याकाळीं माझ्या ॲम्प्लिफायरमध्यें तडतड ऐकूं येऊं लागली. मीं बटण बंद केलें, पिन काढली, मिनिटभर थांबलों आणि झांकण उघडलें. एक सांधा ढिला झालेला दिसला. आमच्या घरीं झांकण उघडल्यावर प्रथम काठी लावण्याचा नियम आहे. ही काठी म्हणजे हातभर लांबीची, वीज न वाहणारी एक कांडी; तिच्या टोंकाला पितळी आंकडा, आणि आंकड्यापासून जाड तार निघून यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला व भूमीला जोडलेली. त्या दिवशीं काठी दुसऱ्या खोलींत राहिली होती. माझा हिशेब चोख होता: तेरा सेकंद पुरतात, मी साठ थांबलों आहें. मीं हात पुढें केला, तोंच स्वयंपाकघरांतून नेहमींचा प्रश्न आला, "अहो, काठी लावलीत का?"

यंत्र बांधलें तेव्हां मींच तिला सांगून ठेवलें होतें, कीं झांकणाचा आवाज आला कीं एवढें विचारीत जा. रात्रीं निजण्यापूर्वीं ती गॅसची कळ पाहते, त्याच निष्ठेनें ती हें विचारीत असे. मी थोडा चिडलों; पण खरें उत्तर 'नाहीं' असें होतें. उठून काठी आणली, तार जोडली, आणि आंकडा कंडेन्सरला लावतांच सुतळी-बॉम्बसारखा आवाज होऊन निळी ठिणगी उडाली. आंकड्याच्या टोंकाला खळगा पडला. ब्लीडरची तार आंतून तुटलेली निघाली. दाबाचा मीटर मीं त्या काळीं बसविला नव्हता. मी तसाच खुर्चीवर बसून राहिलों. ती दारांत येऊन उभी राहिली, तिनें काठीकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि ती आंत गेली. रात्रीं पान वाढतांना एवढेंच म्हणाली, "तो तुटलेला भाग किती रुपयांचा असतो?" मीं किंमत सांगितली. दुसऱ्या दिवशीं मीं एकाऐवजीं दोन ब्लीडर शेजारीं शेजारीं जोडले, म्हणजे एक तुटला तरी दुसरा काम करील. आणि दाबाचा मीटरहि बसविला.

त्या दिवशीं मला वांचविलें, तें माझ्या गणितानें नव्हे. माझें गणित बरोबर होतें. तें ज्या वस्तूवर उभें होतें, ती वस्तु तुटली होती. ज्ञान मनुष्याला 'आज चालेल' असें म्हणावयास शिकवितें. नियमाला 'आज' हा शब्द ठाऊक नसतो.

म्हणून भगिनींनीं परवानगी अवश्य द्यावी, पण पुढील अटी घालाव्या. यंत्राला स्वतंत्र सोळा अँपियरचा पॉइंट व उत्तम अर्थिंग असावें. घरच्या फलकावर गळतीरक्षक असला, तरी त्यावर विसंबूं नये; ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडील मोठ्या दाबाचा धक्का बसला तर तो त्याला कळत नाहीं. झांकण उघडतांच वीज तुटेल असा खटका असावा. पिन काढावी, थांबावें, मीटर पाहावा, मग काठी लावावी. आणि लावून काढूं नये, काम संपेपर्यंत ती तेथेंच अडकवून ठेवावी, कारण रिता केलेला कंडेन्सरहि कांहीं वेळानें आपोआप थोडा दाब पुन्हां धरतो. अंगठी व घड्याळ काढावें. जानव्याला किल्ली बांधण्याची संवय असेल, तर ती किल्लीहि सोडून ठेवावी. एक हात पाठीमागें ठेवावा. झोंप आली असतां, राग आला असतां, अथवा घरांत दुसरें कोणी नसतां झांकण उघडूं नये. जुना तेलाचा कंडेन्सर गळत असेल, तर तो फोडूं नये, वापरूंहि नये. त्यांतील तेल विषारी असूं शकतें.

आणि एक अट मातोश्रींनीं स्वतःला घालावी. घराचा मुख्य खटका कोठें आहे, तें सर्वांना ठाऊक असावें. कोणी चिकटल्यासारखा दिसला, तर त्याला हात लावण्यापूर्वीं तो खटका पाडावा, कोरड्या लांकडानें त्याला यंत्रापासून दूर करावें, १०८ वर फोन करावा. आणि श्वास चालत नसेल, तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागीं मिनिटास शंभर ते एकशेंवीस वेळां जोरानें दाबीत राहावें.

त्या खोलींत शिरतांना पाऊल अडखळतें, असें आपण लिहितां. तें तसेंच अडखळूं द्यावें. दारांतच थांबावें, आणि दररोज विचारावें, "काठी लावलीस का?" मुलगा चिडेल. चिडूं द्यावें.