हातांचें सोंवळें

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या सुनेची प्रसूति रुग्णालयांत झाली. मूल दिवस भरण्यापूर्वींच आलें, म्हणून घरांत काळजी होती. वर्तमान कळतांच आम्ही स्नानसंध्या आटोपून व धूतवस्त्रें नेसून निघालों. पाळण्यापाशीं जाऊन नातवास उचलावें म्हणून हात पुढें केले, तोंच तेथील परिचारिका आडवी आली. "आजोबा, आधीं हात धुवून या."

जन्मभर दुसऱ्यांस धडे दिलेल्या आम्हांस हा धडा झोंबला, हें कबूल करतों. "आम्ही आतांच स्नान करून आलों," असें आम्हीं म्हटलें. ती हंसून म्हणाली, "स्नान घरीं झालें, आजोबा. हात तेथून येथपर्यंत आले आहेत." धुण्यास जातां जातां आम्हीं हिशेब मांडला: बसचा दांडा, सुटे पैसे, दाराची कडी, मोबाइल. आम्ही निरुत्तर झालों.

सुशिक्षित माणसाचा हा अभिमान जुना आहे व त्यानें पूर्वीं शेंकडों जीव घेतले आहेत. व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. इ. स. १८४६ मध्यें पहिल्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यांत शेंकडा ३ हूनही कमी. याचें कारण तेथील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस शोधीत होते. १८४७ च्या मार्चमध्यें त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळीं विद्यार्थ्याची सुरी लागून वारले. त्यांचीं लक्षणें बाळंतरोगासारखींच होतीं. तेव्हां उलगडा झाला. विद्यार्थी प्रेतें तपासून थेट बाळंतिणींकडे येत. साबणानें हात धुतले तरी त्यांचा वास जात नसे. मेपासून सेमेलवाइस यांनीं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलांत शेंकडा १८ वर गेलेलें मृत्यूचें प्रमाण जुलैत शेंकडा सुमारें १ वर आलें.

तरीही अनेक मान्यवर डॉक्टरांस हें पटलें नाहीं. आपल्याच हातांनीं रोगी मरतात, हें कबूल करणें जड गेलें. सेमेलवाइस १८६५ मध्यें वेड्यांच्या इस्पितळांत वारले. जंतूंचें शास्त्र प्रस्थापित होऊन त्यांचें म्हणणें सर्वमान्य झालें तें पुढें.

आमच्या घरांतील जुनें सोंवळें दुसऱ्याच्या स्पर्शापासून स्वतःस जपण्याचें होतें, आणि त्यापायीं आपण कितीक माणसांस दूर लोटलें. रुग्णालयाचें सोंवळें याच्या नेमकें उलट आहे: आपल्या स्पर्शापासून दुसऱ्यास जपावयाचें. यांत विद्येची, कुळाची वा वयाची सवलत नाहीं.

तेव्हां वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. रोग्यास शिवण्यापूर्वीं व शिवल्यानंतर हात धुवावे. साबणपाण्यानें तळवे, पंज्यांची मागील बाजू, बोटांच्या बेचक्या, आंगठे व नखें चोळून धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. स्पिरिटयुक्त द्रव चोळण्यास २० ते ३० सेकंद पुरतात. हातांस मळ दिसत असेल किंवा रोग्यास जुलाब होत असतील, तर मात्र साबणपाणीच हवें. रबरी हातमोजे घातले म्हणजे हात धुणें चुकत नाहीं. सर्दीखोकला वा ताप असलेल्यानें भेटीस जाऊंच नये. रोग्याच्या खाटेवर बसूं नये. सलाइनच्या नळीस वा जखमेच्या पट्टीस हात लावूं नये. आणि डॉक्टर हात न धुतां आले, तर नम्रपणें विचारण्यास भिऊं नये. तो उद्धटपणा नव्हे.

त्या दिवशीं घरीं परततों तों अकरा मंडळी बाळास पाहण्यास निघण्याच्या तयारींत होती. आम्हीं नऊ जणांस थांबविलें, तेव्हां आमच्या वडील भगिनी अक्का दोन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत. नातू आतां सुखरूप घरीं आला आहे. बाळंतिणीच्या खोलीबाहेर साबण ठेविला आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास तो दाखविण्याचें काम अक्कांनींच आपल्याकडे घेतलें आहे.