'मोर' म्हणजे पक्षी की 'माझं'?

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात एखाद्या मराठी घरी पाच मिनिटं बसा. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो आणि दारात आलेल्या भाजीवालीशी दोघंही छत्तीसगढीत बोलतात. कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. अडतं ते मराठीत लिहायला बसल्यावर.

लहानपणी मी वहीत 'आता खूप वेल झाला' असं लिहिलं होतं. ती वही घरभर फिरली, सगळे पोट धरून हसले. पुढे कितीतरी वर्षं मी मराठीत एक ओळ लिहिली नाही. बोलायचे, पण लिहायचं म्हटलं की हिंदी. म्हणून आज पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी असे खेळ, ज्यांत गोंधळ हाच खेळ आहे. वर्गात घ्या, नाहीतर सुट्टीत चार मुलं जमवून घरी.

आधी दोन तोंडांचे शब्द. कागद मधोमध दुमडा, वर एक शब्द लिहा आणि दोन्ही बाजूंना त्याची दोन चित्रं काढायला सांगा. 'मोर' मराठीत पिसारा फुलवतो, छत्तीसगढीत मात्र 'मोर घर' म्हणजे माझं घर. (कुणीतरी मोराचं दुमजली घर काढणारच, काढू द्या.) 'पारा' मराठीत तापमापीत असतो, इथे त्यात आपण राहतो! हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीतली कुणालाच नको असते. मग दोन्ही अर्थ एका वाक्यात आणायचे. उदाहरणार्थ, 'डबा खाली पडला आणि खाली झाला.' वाक्य जितकं वेडं, तितकं छान.

माझा आवडता खेळ 'ळ'चा. शाळेतल्या हिंदी वर्णमालेत हे अक्षर मुलांना भेटतच नाही, मग 'वेळ'चा 'वेल' होतो. चिठ्ठ्या करा: गाल-गाळ, काल-काळ, वेल-वेळ. एकाने चिठ्ठी उचलून मुका अभिनय करायचा, दुसऱ्याने फळ्यावर शब्द लिहायचा. गाळात पाय रुतलाय आणि फळ्यावर 'गाल' आलं, की चूक कुणाला समजावून सांगावी लागत नाही. लाल पेन तेवढं कपाटात ठेवा.

थोड्या मोठ्या मुलांसाठी गोष्ट. माधवराव सप्रे मातृभाषेने मराठी, पण लिहिलं हिंदीत. 1900 मध्ये त्यांनी पेंड्रा इथून 'छत्तीसगढ मित्र' मासिक सुरू केलं. 1901 सालची त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा मुलांना हिंदीतच सांगा. गरीब विधवेची झोपडी बळकावणारा जमीनदार तिच्या विनंतीवरून मातीची टोपली उचलायला वाकतो, तिथे थांबा. पुढे काय झालं, ते प्रत्येकाने तीन ओळींत मराठीत लिहायचं. सप्र्यांनी केलेला शेवट सगळ्यांचं वाचून झाल्यावरच सांगा.

शब्द अडला तर हिंदी किंवा छत्तीसगढी शब्द लिहून त्याभोवती गोल काढायचा आणि घरी आजी-आजोबांना विचारायचं. 'तरिया'भोवती गोल काढून नेला, तर 'तळं' मिळेल आणि बहुधा कंकाली तलावाकाठची एखादी आठवणही.

तुमच्या मुलांना सापडलेला दोन तोंडांचा शब्द आम्हाला जरूर कळवा. चित्रासकट!