'मॅन्युअलवर टाक' म्हणणाऱ्यांस

नवीन कॅमेरा घेतलेल्या माणसाचे फोटो बिघडले की आपल्यातले जाणकार एकच औषध देतात. "अरे, आधी मॅन्युअलवर टाक. ऑटोवर काढणं ही काय फोटोग्राफी झाली?" आमच्या इथल्या मराठी मंडळात असे किमान तीन वैद्य आहेत. रोग कुठलाही असो, पुडी तीच. माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला नवख्याला देण्याच्या लायकीचा नाही. हे मी हात पोळून सांगतोय. पोळून कसले, गारठवून.

आईबाबा आमच्याकडे मिनेसोटात आले होते तेव्हाची गोष्ट. कडाक्याच्या थंडीत मिनिआपोलिसचा मिनेहाहा धबधबा गोठतो. बाबांनी तोवर बर्फ पाहिला होता तो फ्रिजमधला. कानटोपी घालून, दोन्ही हात वर करून ते त्या पांढऱ्या भिंतीसमोर लहान पोरासारखे उभे राहिले. मी नव्या डीएसएलआरवर शंभरेक फोटो काढले. उन्हाच्या झगमगाटात मागचा स्क्रीन धड दिसत नव्हता, काळोखा वाटला तो उन्हामुळेच असं समजलो. घरी येऊन बघतो तर सगळे फोटो निळे आणि काळपट. बाबांचा चेहराच दिसेना.

"मॅन्युअलवर काढायचे ना!" हे अर्थातच ऐकावं लागलं.

खरं कारण शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. दिवाळीत पणत्यांचे फोटो काढताना ज्योती पांढऱ्याफटक येत होत्या, म्हणून मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोनवर नेलं होतं आणि व्हाइट बॅलन्स बल्बवर. पणत्या सुरेख आल्या. मग कॅमेरा बंद करून कपाटात. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत बटण बंद केलं तरी या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा राहतात, हे मला कोणी सांगितलं होतं? त्यात बर्फाची भर. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम करडं असावं असं धरून चालतो. बर्फ पांढरा हवा तर उलट अधिक एक ते दोन द्यावं लागतं. मी होतो उणे दोनवर. म्हणजे किमान तीन स्टॉपचा फरक, हव्या त्या प्रकाशाचा जेमतेम आठवा हिस्सा.

आता त्या पुडीचं बघा. मॅन्युअलवर टाकलं असतं तर काय झालं असतं? मीटरची सुई मधोमध आणायची एवढंच मला ठाऊक. बर्फ पुन्हा करडाच. व्हाइट बॅलन्स बल्बवरच, म्हणजे बाबा निळेच. आणि ज्याला आपण नाकं मुरडतो त्या पूर्ण ऑटोवर? तिथे कॅमेरा माझं उणे दोनही मानत नाही आणि बल्बही. बर्फ थोडा मळकट आला असता, पण बाबा दिसले असते!

रॉमध्ये काढले असते तर रंग नंतर सहज सुधारता आले असते, हे कबूल. मॅन्युअल वाईट, असंही मी म्हणत नाही. नाटकाच्या स्टेजवर प्रकाश ठरलेला असतो, तिथे मीही तेच वापरतो. पण बिघाड कुठे आहे हेच ज्याला कळत नाही त्याच्या हातात आणखी तीन चाकं देऊन काय साधणार?

आम्ही इंजिनिअर लोक यंत्र बिघडलं की आधी ते माहीत असलेल्या स्थितीत आणतो, मग एका वेळी एकच गोष्ट बदलतो. कॅमेऱ्यालाही हेच लागू. ऑटोवर एक फोटो काढा, मग आपल्या मोडवर तोच काढा. दोन्हींची माहिती शेजारी ठेवून वाचा. शटर, ॲपर्चर, आयएसओ, कॉम्पेन्सेशन, सगळं प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरवर हिरवे ठिपके असलेली दोन बटणं असतात, ती दोन सेकंद एकत्र दाबली की मुख्य सेटिंग्ज मूळ जागी येतात. इतरांच्या मेनूत रीसेट असतं. पहिल्या धड्यात हे का नाही? पहिला धडा नेहमी तो एक्स्पोजरचा त्रिकोण.

बाबांना आता डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केलाय. त्या शंभरातले चार फोटो मी खटपट करून थोडेफार उजळवले. चेहऱ्यावर दाणे आहेत, पण हसू कळतं.

परवा मंडळात एक नवा मुलगा रडवेला होऊन आला. व्ह्यूफाइंडरमधून सगळं धूसर दिसतंय म्हणून लेन्स परत करायला निघाला होता. काका त्याला ॲपर्चर समजावत होते. मी त्याचे फोटो पाहिले, सगळे स्वच्छ होते. मग व्ह्यूफाइंडरशेजारचं, डोळ्याच्या नंबरासाठी असतं ते बारकं चाक फिरवून दिलं.