म्हणे, इंजिन आहे, आवाज करणारच!

हे वाक्य मी इंग्लंडमध्ये कालव्याकाठी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की आता त्याचा रागच येतो. माझा पुतण्या तिथे नॅरोबोटीवर राहतो हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. इतरांसाठी सांगतो : ही पोलादी बोट जेमतेम ७ फूट रुंद आणि फार तर ७२ फूट लांब. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे काठावरून भरभर चालणारा माणूस तिला सोबत करू शकतो. एवढ्या चालीसाठी फळीवरच्या कपबशा दिवसभर किणकिणाव्यात आणि सुकाणू धरून उभ्या असलेल्याच्या तळपायांतून कंप दाढांपर्यंत पोचावा, हे काय म्हणून सोसायचे?

काहीजण म्हणतात, ही तर कालव्यांची परंपरा! कसली परंपरा? अठराव्या शतकापासून या बोटी काठावरचा घोडा दोराने ओढत असे. इंजिने सर्रास आली ती विसाव्या शतकात. परंपराच हवी असेल तर ती शांततेची आहे. जुन्या बोलिंडर इंजिनाचा संथ ठोका मलाही आवडतो, पण तो कौतुकाने जपलेला असतो. आपल्या बोटीतली नुसती घरघर म्हणजे बोलिंडर नव्हे.

माझे खरे भांडण मात्र स्पंज चिकटवणाऱ्यांशी आहे. तक्रार केली की इंजिनावरच्या झाकणाला आतून स्पंज लावून मोकळे! पुतण्यालाही एका बोटयार्डाने हेच करून दिले आणि पैसे मात्र चोख घेतले. कपबशा किणकिणतच राहिल्या.

किणकिणणारच. तंबोऱ्याची तार छेडली तर तिचा स्वतःचा आवाज केवढासा असतो? तो मोठा करतो भोपळा. इथे पोलादी बोट हाच भोपळा. इंजिनाचा कंप त्याच्या पायांतून पोलादात उतरतो आणि झोपायच्या जागेपर्यंत जातो. तारेभोवती रजई गुंडाळून भोपळा गप्प कसा होईल? शिवाय साध्या स्पंजात तेल आणि डिझेल मुरते, आणि तो पेटला तर काय होईल ते सांगायला नको.

पुढे दुसऱ्या एका कारागिराने स्पंजाला हात न लावता आधी इंजिनाचे पाय पाहिले. ते रबरी गाद्यांवर टेकलेले असतात. एका गादीवर डिझेल ठिबकून रबर फुगून मऊ पडले होते. इंजिन तेवढ्या बाजूला कलले होते, आणि इंजिन व पंख्याचा दांडा एका रेषेत राहिले नव्हते. गाद्या बदलल्या आणि दोन्ही चकत्यांमधली फट पातळ पट्टीने चारी बाजूंनी मोजून रेषा साधली. तीही बोट पाण्यात असताना! कोरड्यावर पोलाद वेगळे बसते, पाण्यात वेगळे. त्या दिवशी कपबशा गप्प झाल्या.

मग सगळीकडे अगदी मऊ गाद्या का घालत नाहीत? कारण पंख्याचा रेटा दांड्यातून इंजिनावर आणि तिथून गाद्यांवर येतो. मऊ गादी त्याने सरकते. त्यालाही उपाय आहे : तो रेटा बोटीच्या सांगाड्यावर पेलणारे वेगळे बेअरिंग आणि इंजिनाकडे लवचीक सांधा. खर्चिक आहे, पण रोग मुळाशी धरतो.

एवढे झाल्यावर मग हवेतून येणाऱ्या आवाजाकडे वळावे. तिथेही नुसता स्पंज नको, मध्ये जड थर हवा आणि फटी बुजवायला हव्यात. झाकणात शेकडा १ टक्का जरी उघडे राहिले तरी, बाकीचे कितीही जड करा, २० डेसिबलपलीकडे घट होत नाही. (मी भाषेचा मास्तर, पण हे गणित मलाही समजले!) मात्र हवेची वाट बंद करू नका, इंजिन गुदमरेल आणि तापेल. आतून अस्तर लावलेली वाकडी वाट द्या.

कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा नियम आहे की शेजारी बोटी असताना रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवू नये. म्हणजे शेजाऱ्याच्या कानांची काळजी आहे. दिवसभर त्या इंजिनावर उभे राहणाऱ्याच्या कानांनी काय घोडे मारले आहे?

पुतण्याच्या बोटीचा एग्झॉस्टचा नळ अजून एका ठिकाणी पोलादाला टेकलेला आहे, तिथे लवचीक जोड बसवायचा राहिलाय. 'बघू काका' म्हणतोय. दर रविवारी फोनवर विचारतो आहे.